‘पदवीला आता काय किंमत?’ : एका वाक्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
मागील आठवड्यात मराठेकालीन जकातीवर लिहिलेल्या धाग्याखाली एका विद्यार्थिनीने विषयाबाहेरचा प्रश्न विचारला. ‘ताई, बारावी झाली. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. कॉम्प्युटर पहिल्या क्रमांकावर टाकायचे म्हणते. पण सगळे म्हणतात, त्या डिग्रीला आता काही किंमत राहिलेली नाही. इतिहासात असे पूर्वी कधी झाले आहे का?’

प्रश्न चार ओळींचा आहे. उत्तर मात्र या धाग्याएवढे झाले.

२/
मी काही लिहिण्यापूर्वीच तिला भराभर उत्तरे मिळाली होती. ‘एआय आले, कोडिंग संपले.’ ‘पदवी म्हणजे नुसता कागद, कौशल्य महत्त्वाचे.’ आणि सर्वाधिक पसंती मिळालेले उत्तर : ‘कॉम्प्युटर म्हणजे आता नवे बी.ए.’

या शेवटच्या वाक्यात ‘बी.ए.’ ही दोन अक्षरे शिवीसारखी वापरलेली आहेत. मी स्वतः बी.ए. आहे आणि सध्या इतिहासातच एम.ए. करते आहे. तेव्हा निदान या शिवीचा इतिहास सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

३/
माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना धागा संपेपर्यंत थांबावे लागणार नाही. ‘पदवीला आता काय किंमत’ हे वाक्य महाराष्ट्रात जवळजवळ दीडशे वर्षे फिरते आहे. बहुतेक वेळा ते पदवी पदरात पाडून बसलेल्यांनी, पदवीच्या दाराशी नुकत्याच पोहोचलेल्यांना ऐकवलेले असते. त्यात तथ्य असते, नाही असे नाही. परंतु त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा असतो, आणि त्याची किंमत नेहमी ऐकणाऱ्यालाच मोजावी लागते.

४/
आरंभापासून पाहू. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग्ज यांच्या सरकारने ठराव केला की सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ मध्ये त्या विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

संपूर्ण मुंबई इलाख्यात बी.ए. किती, तर चार!

५/
भांडारकर सिंधमधील हैदराबादेत आणि मग रत्नागिरीत हेडमास्तर झाले, पुढे प्राध्यापक. रानडे १८७१ मध्ये पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. आजच्या भाषेत सांगायचे तर शंभर टक्के प्लेसमेंट, आणि कंपनी एकच : सरकार.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. रानडे आणि भांडारकर यांची विद्वत्ता वेगळी आणि त्यांच्या पदवीचा बाजारभाव वेगळा. विद्वत्ता त्यांनी कष्टाने मिळवली होती. भाव मात्र दोन योगायोगांनी ठरला होता : पदवीधर अत्यंत दुर्मीळ होते, आणि ज्या एका मालकाला ते हवे होते त्याचा कारभार झपाट्याने विस्तारत होता. हे दोन्ही योग कायम टिकणारे नव्हते.

६/
टिकलेही नाहीत. अवघ्या वीस वर्षांत चित्र पालटले. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता : सुशिक्षित एतद्देशीयांना अर्थप्राप्तीचा रोजगार सहज मिळतो काय?

वर्ष पुन्हा एकदा वाचा. पहिले चार पदवीधर बाहेर पडल्याला वीस वर्षे होत नाहीत तोच सरकार अधिकृतपणे विचारते आहे की शिकलेल्यांना नोकऱ्या मिळतात का.

७/
या आयोगापुढे पुण्याहून एक लेखी निवेदन गेले. खाली सही करणाऱ्याने स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी दिली होती. नाव जोतीराव गोविंदराव फुले.

या निवेदनातील प्राथमिक शिक्षणाचा भाग आपण सर्वांनी शाळेत वाचलेला असतो. उच्च शिक्षणाविषयीचा भाग क्वचित वाचला जातो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके तिथे आहे.

८/
शिकलेल्यांना नोकरी मिळत नाही, ही तक्रार फुल्यांनी नाकारली नाही. उच्च शिक्षणावर होणारा सरकारी खर्च वरिष्ठ वर्गांच्याच पदरात पडतो आणि रयतेच्या मुलांना काहीच मिळत नाही, ही त्यांची टीका तर अत्यंत तिखट होती. अशा माणसाने ‘पदवीधर फार झाले, आता पुरे’ असे म्हटले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते.

त्यांनी बरोबर उलट म्हटले. देशाच्या मानाने सुशिक्षितांची संख्या फारच अल्प आहे, ती शंभरपट व्हावी, आणि या सर्वांनी नोकरीकडे डोळे लावून न बसता उपयुक्त व अर्थप्राप्तीच्या व्यवसायांत शिरावे.

शंभरपट. कोणी सांगितले, तर स्वतःजवळ एकही पदवी नसलेल्या आणि कंत्राटे, व्यापार व शेती करून पोट भरणाऱ्या माणसाने.

९/
त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे आणि तो तर ‘कौशल्य हवे, पदवी कशाला’ म्हणणाऱ्यांनी दोनदा वाचावा. विद्यापीठाने प्रवेश परीक्षेसाठी खासगी अभ्यासाला मान्यता दिली, याबद्दल फुल्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.सारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी अशी अपेक्षा केली.

याचा अर्थ लक्षात घ्या. स्वतः शिकणाऱ्याचा कैवार त्यांनी घेतला. पण स्वतः शिकणाऱ्याला ‘तुला पदवीची गरजच काय’ असे त्यांनी सांगितले नाही. स्वतः शिकलेल्यालाही पदवीचे दार उघडा, असे त्यांनी विद्यापीठाला सांगितले. ज्याच्या मागे आडनाव नाही, ओळख नाही, शिफारस नाही, त्याच्या ज्ञानाला चारचौघांत उभे राहण्यासाठी कागद लागतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१०/
आता दुसरी बाजू. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘पदवीधर फार झाले, त्यांचा दर्जा घसरला’ हे वाक्य लॉर्ड कर्झन यांच्या सरकारच्या तोंडी आले. १९०२च्या विद्यापीठ आयोगाने महाविद्यालयांचे किमान शुल्क ठरवून देण्याची शिफारस केली. १९०४च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांवरील सरकारी पकड घट्ट केली. कायदेमंडळात या विधेयकाला कसून विरोध करणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. ते स्वतः एल्फिन्स्टनचे बी.ए., आणि फर्ग्युसनमध्ये त्यांनी अनेक वर्षे शिकवलेले.

घोकंपट्टी होत होती, हे खरेच होते. पण घोकंपट्टीवर शुल्कवाढ हा उपाय कसा होतो, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेले नाही.

११/
आणखी चाळीस वर्षे पुढे या. ‘बी.ए.ला कोण विचारतो’ ही तोवर शिळी झालेली तक्रार. अशा वेळी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. पुढच्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले.

एकाजवळ कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या. दुसऱ्याचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झालेले नव्हते. दोघांनाही पदवीचा बाजारभाव पडल्याचे दिसत नव्हते काय? दिसत होते. परंतु ज्यांना त्या बाजारात पाऊलच टाकू दिलेले नव्हते, त्यांना ‘बाजार मंदा आहे, येऊ नका’ असे सांगण्याचा कोडगेपणा दोघांतही नव्हता.

१२/
ही झाली जुन्या बी.ए.ची कथा. संगणकाच्या पदवीची कथा बरीचशी हिच्याच वाटेने जाते, पण एका ठिकाणी वेगळी होते. बी.ए.च्या बाबतीत पदवी आधी आली आणि नोकऱ्या तिच्यासाठी राखल्या गेल्या. संगणकाच्या बाबतीत काम आधी सुरू झाले, पदवी फार मागून आली.

१३/
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. तो बांधणाऱ्यांपैकी एकाकडेही संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण अशी पदवी देशात अस्तित्वातच नव्हती. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला तोही १९६२ मध्ये. पुढे १९६८ मध्ये मुंबईत टीसीएस सुरू झाली आणि तिची धुरा फकीरचंद कोहली यांच्याकडे आली, ते विद्युत अभियंते.

१४/
‘बघा, पदवीवाचून सगळे झाले’ असे म्हणणाऱ्यांचा हा आवडता पुरावा. मग कोहलींजवळ काय होते तेही सांगा. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाची पदवी आणि अमेरिकेतील एमआयटीची पदव्युत्तर पदवी. नरसिंहन आणि त्यांचे सहकारी भौतिकी, गणित, इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेले होते. बिल गेट्स यांनी पदवी अर्धवट सोडली खरी, पण ती हार्वर्डची.

‘पदवीविना यशस्वी’ अशी जी उदाहरणे आपल्या समोर नाचवली जातात, त्यांतील बहुतेकांजवळ दुसरी अधिक वजनदार पदवी असते, किंवा तिच्याइतकेच वजनदार काहीतरी असते. बार्शी किंवा गडहिंग्लजच्या मुलीने त्या उदाहरणावर आयुष्य लावावे, असा सल्ला देताना जीभ कचरायला हवी.

१५/
थोडे विषयांतर, पण महत्त्वाचे. संगणकामुळे नोकऱ्या जातील ही भीती एआयने आणलेली नाही. साठच्या दशकात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. १९६९ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलनाचा रोजगारावर काय परिणाम होईल हे तपासण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत संगणक आणण्यासाठी कर्मचारी संघटनांशी करार व्हायला १९८३ उजाडले.

त्या संघटनांची आज टर उडवली जाते. मला ती योग्य वाटत नाही. यंत्र आल्यावर कोणाचे काम जाणार आणि त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. आज तो विचारणारा कोणी नाही, म्हणून बारावी झालेल्या मुलीला तो एकटीने सोडवावा लागतो आहे.

१६/
पुन्हा १९८३. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात कायम विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर मोजक्या सरकारी व अनुदानित संस्थांत अडकलेली अभियांत्रिकी तालुक्यापर्यंत पोहोचली. त्यासोबत देणग्याही आल्या, इतक्या की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी रोखणारा कायदा करावा लागला.

या धोरणाला नावे ठेवणे सोपे आहे आणि मीही ठेवते. परंतु नव्वदच्या दशकात निर्यातीचे सॉफ्टवेअर, ‘वायटूके’ची दुरुस्ती आणि परदेशी बँकांची कामे यांसाठी हजारो अभियंत्यांची मागणी आली, तेव्हा ते अभियंते याच महाविद्यालयांतून निघाले, हेही तितकेच खरे. हिंजवडीतील कोणत्याही जुन्या कर्मचाऱ्याला त्याचे महाविद्यालय विचारून पाहा.

१७/
आता जी गोष्ट सर्वजण विसरतात ती. या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर भरती केली तेव्हा त्यांनी केवळ संगणकाचे पदवीधर घेतले काय? नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, ज्याला त्याला घेतले आणि काही महिने प्रशिक्षण देऊन कामाला लावले.

म्हणजे त्यांना संगणकशास्त्र विकत घ्यायचे नव्हते. त्यांना एक चाळणी हवी होती. प्रवेश परीक्षा पार केलेला, चार वर्षे टिकलेला, इंग्रजीत काम करू शकणारा तरुण एवढेच ती चाळणी दाखवत होती. १८६२ मध्ये सरकारने बी.ए.कडून जे मागितले, तेच दीड शतकानंतर आयटी कंपन्यांनी बी.ई.कडून मागितले.

१८/
आणि म्हणूनच आज जे कोसळते आहे ते काय, हे नीट ओळखले पाहिजे. या कंपन्यांतील नवख्यांचा पगार गेली दहाबारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. हे भयावह आहेच, मी सौम्य करून सांगत नाही.

पण भाव पडला तो चाळणीचा. विषयाचा भाव या व्यवहारात कधी ठरलाच नव्हता. ‘कॉम्प्युटर म्हणजे नवे बी.ए.’ हे वाक्य या मर्यादित अर्थाने मला मान्य आहे : दोन्ही पदव्या एका मोठ्या मालकाच्या भुकेवर वाढल्या आणि ती भूक भागल्यावर उघड्यावर पडल्या.

१९/
नाशिकच्या वाचकांना पुढचा भाग समजावून सांगावा लागणार नाही. लासलगावला कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात, माल एकदम येतो, भाव पडतो. मग सगळे कांदा सोडतात आणि नेमका तेव्हा तुटवडा होतो. पदवीचे पीक चार वर्षांचे. लावताना दिसणारा भाव काढणीच्या वेळी नसतो.

२०/
अमेरिकेची आकडेवारी यासाठी उपयोगी आहे, कारण ती दीर्घकाळाची आहे. तिथे संगणकशास्त्रातील पदवीधर १९८६च्या सुमारास वर्षाला सुमारे ४२ हजार होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यास ते २५ हजारांच्या आत आले. इंटरनेटची लाट आली, २००४ मध्ये ते ५९ हजारांवर गेले. २००० नंतरच्या मंदीने घाबरलेली पिढी बाहेर पडली तेव्हा, २००९ मध्ये, ३८ हजार. अलीकडे लाखाच्या वर.

आता पाहा. १९९१च्या सुमारास ‘यात काही राम नाही’ म्हणून विषय टाळणारे १९९५ मध्ये, इंटरनेटच्या तोंडावर, रिकाम्या हाताने उभे होते. २००५ मध्ये टाळणारे २००९ नंतरच्या स्मार्टफोनच्या दशकाला मुकले. आणि १९९९ मध्ये भाव पाहून धावत आलेले नेमके मंदीत पदवीधर झाले. आजचा भाव पाहून चार वर्षांनंतरचा निर्णय घेणाऱ्यांचे दोन्हीकडून नुकसान झाले आहे.

२१/
इथे माझ्याच गोटातील एका आवडत्या आलेखाचा समाचार घेणे भाग आहे. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेची आकडेवारी २०२५ मध्ये सर्वत्र फिरली : अमेरिकेत नव्या संगणकशास्त्र पदवीधरांत बेरोजगारी ६.१ टक्के, संगणक अभियांत्रिकीत ७.५ टक्के, आणि कलेचा इतिहास शिकलेल्यांत अवघी ३ टक्के. आमच्या विभागाच्या ग्रुपवर तीन दिवस जल्लोष चालला होता.

त्याच तक्त्यातील शेजारचा रकाना कोणी टाकला नाही. पदवीची गरजच नसलेल्या कामावर असणाऱ्यांचे प्रमाण : कलेच्या इतिहासात सुमारे ४७ टक्के, संगणकशास्त्रात सुमारे १७ टक्के. इतिहासाचा विद्यार्थी अर्धे कागदपत्र दाखवून युक्तिवाद करत असेल, तर त्याने कोडिंगच काय, इतिहासही शिकू नये.

२२/
राहिला एआयचा प्रश्न. ‘आता प्रोग्रॅमर लागणार नाहीत’ ही घोषणाही जुनी आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२च्या सुमारास आपला पहिला कंपायलर तयार केला. १९५७ मध्ये फोरट्रान आले आणि यंत्राच्या भाषेत आकडे मांडत बसण्याचे बरेचसे काम संपले. मग कोबॉल आले, व्यवहारातील माणसालाही वाचता येईल अशा इंग्रजीचा दावा करत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रॅमरविना प्रणाली कशा उभाराव्यात यावर पुस्तकच लिहिले. प्रत्येक वेळी प्रोग्रॅमर वाढले.

२३/
पण थांबा. इथे टाळी वाजवून ‘इतिहास सांगतो, यंदाही तेच होईल’ म्हणणारे खोटी हमी देत आहेत. इतिहास अशी हमी देत नाही. ‘कॉम्प्युटर’ हे एके काळी माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ म्हणूनच रुजू झाले, हिमालयाच्या शिखरांच्या उंचीची आकडेमोड त्या कार्यालयात झाली. तो हुद्दा आज नाही. तो परत आला नाही आणि येणारही नाही.

गणित मात्र राहिले. सिकदारांना नुसती आकडेमोड येत होती की गोलीय त्रिकोणमिती कळत होती, यावर त्यांची किंमत ठरली होती. सांगितलेला कोड लिहून देणे हे काम आकडेमोडीच्या वाटेने जाऊ शकते, हे मी मान्य करते. ते जाईल तेव्हा ज्याला अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आतून कळतात तो आणि ज्याने फक्त परीक्षेपुरती गाइडे वाचली तो, यांच्यात फरक पडेल. यंत्राने दिलेले उत्तर चुकले आहे हे ओळखण्यासाठी विषयच यावा लागतो.

२४/
तेव्हा पदवी घ्यावी का, हा प्रश्न मुळात दोन प्रश्नांची गाठ आहे. विषय शिकण्याजोगा आहे का? होय, निःसंशय. तो या विशिष्ट महाविद्यालयात, या विशिष्ट किमतीला घ्यावा का? याचे उत्तर प्रत्येक घरी वेगळे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५पासून चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली, आणि संगणकाच्या तुकड्यांवर तुकड्या वाढल्या. जागा एका परिपत्रकाने वाढतात. शिकवणारे तसे वाढत नाहीत. वर्षाला लाख-दीड लाख किंवा त्याहून अधिक शुल्क भरून, कर्ज काढून, शिक्षकच नसलेल्या तुकडीत चार वर्षे काढणे हा तोट्याचा व्यवहार आहे, मग शाखेचे नाव ‘एआय अँड डेटा सायन्स’ का असेना.

२५/
आणि आता मला राग का आला ते. शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय केला : वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कॅपमधून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती.

ज्या वर्षांत या मुली पहिल्यांदा कर्जाशिवाय अभियांत्रिकीच्या दाराशी पोहोचत आहेत, नेमक्या त्याच वर्षांत त्यांना सांगितले जाते की पदवीत काही नाही. सांगणाऱ्यांचे प्रोफाइल मी पाहिले. बहुतेक बी.ई. आहेत. दोघे परदेशात आहेत. व्हिसासाठी त्यांनी कोणता कागद जोडला होता, हे विचारायचा मोह मी आवरला.

२६/
त्या मुलीला मी दिलेले उत्तर थोडक्यात असे. घरचे उत्पन्न शुल्कमाफीच्या मर्यादेत बसते, गणित आवडते, तर कॉम्प्युटरच टाक. संस्थेच्या कोट्यातून मोठी रक्कम देऊन मात्र घेऊ नकोस, तिथे माफीही नाही. प्लेसमेंटचा फलक पाहू नकोस, तो मागच्या हंगामातील कांद्याचा भाव आहे. महाविद्यालयात जाऊन दोन प्रश्न विचार : दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स आणि तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवते, आणि ते कायमस्वरूपी शिक्षक आहेत का. उत्तरे समाधानकारक नसतील तर चांगल्या महाविद्यालयातील बी.एस्सी. गणित किंवा संगणकशास्त्र वाईट महाविद्यालयातील बी.ई.पेक्षा बरे.

२७/
काल रात्री तिचा निरोप आला. पहिल्या महाविद्यालयात तिने हे प्रश्न विचारल्यावर समोरच्या गृहस्थांनी प्लेसमेंटचे रंगीत माहितीपत्रक तिच्या वडिलांच्या हातात दिले. दुसऱ्या ठिकाणी एका मॅडमनी तिला विचारले, ‘ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे का?’ तिने नाही म्हटले. मॅडमनी तिला रिकाम्या वर्गात बसवून फळ्यावर वीस मिनिटे समजावले.

दुसऱ्या महाविद्यालयाचा कटऑफ गेल्या वर्षी कमी होता, म्हणून घरी वाद चालू आहे. ऑप्शन फॉर्मची मुदत आज संध्याकाळी पाचला संपते.

धाग्यात तपशिलाची चूक आढळल्यास साधार कळवावी, दुरुस्त करेन.